एकटे घर की सोबतीचे?

सप्टेंबर जवळ आला की लंडनला शिकायला येणारी आपली मुले विचारतात, एकटे राहावे की घर वाटून घ्यावे? वाटून घेतल्यास भाड्याचा भार हलका होतो. पण काही भारतीय सहनिवासी आडनावावरून जात शोधू लागतात, म्हणून अनेकांना महागडा एकांत बरा वाटतो. ही भीती आम्ही खोटी मानत नाही. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना पारशी नाव घेऊन पारशी धर्मशाळेत राहावे लागले, आणि तेथूनही त्यांना हाकलण्यात आले. परंतु न्यूयॉर्कच्या वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी जडलेला त्यांचा स्नेह आयुष्यभर टिकला, हेही तितकेच खरे.

म्हणून आमचा कौल सोबतीला आहे, मात्र ओळख न लपवता. बाबासाहेबांची तसबीर पहिल्याच दिवशी भिंतीवर लागावी. ज्याला ती खुपेल, त्याच्यासोबत राहू नये. करारही नीट वाचावा : संयुक्त करारात एकाने थकवलेले भाडे इतरांकडून वसूल होऊ शकते. एकांत अभ्यासाला उपयोगी पडतो. आजारपणात मात्र दार ठोठावणारे माणूसच लागते. तथागतांची मैत्री माणसांत राहूनच आचरता येते.

जय भीम!