भावंडांचा स्टुडिओ फोटो: पैसे आई-बाबांचे, चेहरा लेकरांचा, मग रीलवर हक्क कोणाचा?

वेताच्या टोपलीत पंधरा दिवसांचं बाळ गाढ झोपलंय. शेजारी तीन वर्षांची ताई, डोक्यावर फुलांचा मुकुट, बाळाच्या कपाळावर ओठ टेकवून. मागे हलकं संगीत आणि कोपऱ्यात स्टुडिओचं नाव. जळगाव, धुळे, अमळनेर, शिरपूर, कुठल्याही गावाचं नाव टाकून इन्स्टाग्रामवर शोधा, अशा रील्स सापडतील. राखीपौर्णिमा आणि दिवाळीच्या आसपास त्यांचा नुसता पूर येतो.

पुढचा किस्साही ओळखीचा आहे. आई-बाबांच्या हातात अल्बम पडायच्या आधीच रील स्टुडिओच्या पेजवर चढते. सुरतेतला मामा ती घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो आणि विचारतो, "आम्हाले सांगितलं नाही?" कुणी कौतुकाने हसतं. पण एखाद्या आईला प्रश्न पडतो की आपण फोटो काढायला गेलो होतो, जाहिरात करायला नाही. मग ही परवानगी दिली कोणी?

पैसे दिले असतील तर मालक कोण?

बहुतेक लोकांचा समज असा की ज्याने बटण दाबलं, फोटो त्याचा. अनेक फोटोग्राफरही तसंच सांगतात. भारताचा कॉपीराइट कायदा, 1957 मात्र स्टुडिओतल्या फोटोबाबत वेगळं म्हणतो. कलम 17 च्या पोटकलम (ब) नुसार, एखाद्याच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन फोटो काढला असेल, तर त्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक फोटो काढून घेणारा असतो. अट एकच, दोघांमध्ये याच्या उलट काही ठरलेलं नसावं.

म्हणजे पॅकेजचे पैसे भरून भावंडांचं शूट करून घेणारे आई-वडील त्या फोटोंचे मालक. स्टुडिओला ते पेजवर टाकायचे असतील तर विचारायला हवं. फोटोग्राफर त्या फोटोचा 'कर्ता' राहतोच. कलम 57 नुसार फोटोला आपलं नाव लावून घेण्याचा आणि आपल्या कामाची मोडतोड करून बदनामी झाली तर हरकत घेण्याचा हक्क त्याचाच. त्यामुळे फोटो शेअर करताना स्टुडिओचं नाव कापून टाकणारे पालकही फार साळसूद नाहीत.

खरी गोम 'उलट काही ठरलेलं नसावं' या शब्दांत आहे. बुकिंगच्या पावतीमागे बारीक अक्षरात 'फोटो प्रसिद्धीसाठी वापरण्याचा अधिकार स्टुडिओकडे राहील' असं छापलेलं असेल आणि खाली सही केली असेल, तर चित्र पालटतं. आणि पालटण्याचा दुसरा मार्ग जास्त गोड असतो, तो म्हणजे 'फ्री शूट'. पहिल्या शंभर फॉलोअर्सना मोफत, टॅग करा आणि एक फ्रेम फुकट मिळवा, अशा ऑफर सगळीकडे दिसतात. मोबदलाच दिला नाही तर पालकांना मालकी देणारी ही तरतूद लागू होत नाही आणि नेहमीचा नियम येतो, काढणारा तो मालक. फुकट फोटोची किंमत बऱ्याचदा अशी चुकती होते.

टेबलावरचा डोंगर आणि टोपलीतलं बाळ

'क्रिएटिव्ह' शूट हे खान्देशाला नवं नाही. चाळीसगावात रेल्वे स्टेशनजवळच्या घरात सुमारे अर्धशतक जवळपास कोंडून घेऊन काम करणारे केकी मूस (1912-1989) टेबलटॉप फोटोग्राफीसाठी ओळखले गेले. टेबलावर छोट्या वस्तू मांडायच्या, प्रकाश असा टाकायचा की पाहणाऱ्याला अख्खा निसर्गदेखावा वाटावा. त्यांचं घर आज संग्रहालय आहे. चंद्रावर बसलेलं किंवा ढगात झोपलेलं बाळ हा त्याच युक्तीचा धाकटा भाऊ म्हणायचा. जगभर ही फॅशन नेली ती ॲन गेडिस या ऑस्ट्रेलियन फोटोग्राफरने. 1996 मधल्या तिच्या पुस्तकातली फुलांच्या आणि भाज्यांच्या वेशातली बाळं पुढे कॅलेंडरं आणि शुभेच्छापत्रांवरून घरोघरी पोहोचली.

फरक एवढाच की टेबलावरचा डोंगर कोसळला तर दुखत नाही.

नवजात बाळाला मान सावरता येत नाही. ती नीट धरायला साधारण तीन-चार महिने लागतात. हनुवटी छातीवर दबली की श्वासाची वाट अरुंद होते. दोन्ही तळव्यांवर हनुवटी टेकवून बसलेल्या बाळाचा तो प्रसिद्ध फोटो खरं तर दोन फोटोंचा जोड असतो. एका फोटोत मोठ्या माणसाचा हात डोकं धरतो, दुसऱ्यात मनगटं. नंतर कॉम्प्युटरवर हात पुसले जातात. शिकलेला फोटोग्राफर हे जाणतो. रील पाहून घरी मोबाईलवर तीच पोझ करणाऱ्या काकाला ते ठाऊक नसतं, कारण रीलमध्ये पुसलेले हात दिसत नाहीत. असे हात दाखवणारा 'पडद्यामागचा' व्हिडिओ टाकणारे स्टुडिओ म्हणून जास्त भरवशाचे.

भावंडांच्या फोटोत धोका आणखी एक, तो म्हणजे मोठं भावंडं. अडीच-तीन वर्षांच्या मुलाच्या मांडीवर बाळ ठेवलं, की ते कधी उठून पळेल याचा नेम नाही. म्हणून जाणते लोक दोघांना जमिनीवरच्या जाड गादीवर शेजारी झोपवतात आणि वरून फोटो काढतात. आई हाताच्या अंतरावर बसते. मोठ्याचा मूड असतो पाच-दहा मिनिटं, त्यामुळे आधी त्याचे फोटो उरकायचे. रडत असेल तर थांबायचं. पॅकेजमध्ये चार थीम आहेत म्हणून चारही कपडे बदलवलेच पाहिजेत, असा काही नियम नाही.

आणि उन्हाळा. मे महिन्यात जळगाव 44-45 अंशांवर गेलं की स्टुडिओत एसी फुल्ल असतो. कमी कपड्यांतल्या बाळावर त्याचा थेट झोत येत नाही ना, हे आजी आधी बघते. तिचं ऐकावं.

नवा डेटा कायदा स्टुडिओला लागू होतो?

डिजिटल फोटोतून माणूस ओळखता येत असेल तर तो 'वैयक्तिक डेटा' ठरतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये आला. त्याचे नियम सरकारने 14 नोव्हेंबर 2025 रोजी, म्हणजे नेमके बालदिनी, जाहीर केले. मुख्य जबाबदाऱ्या 18 महिन्यांनी, 2027 च्या मे महिन्यात लागू होतील.

या कायद्यात 18 वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे. त्याचा डेटा वापरायचा तर आई-वडिलांची पडताळता येईल अशी संमती लागते. दिलेली संमती मागे घेता येते, आणि मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं असावं असं कायदाच सांगतो. मुलांबाबतच्या तरतुदी मोडल्या तर दंडाची कमाल मर्यादा 200 कोटी रुपये आहे. हा आकडा मोठ्या कंपन्यांना डोळ्यांसमोर ठेवून आलेला आहे, धुळ्यातल्या दोन खोल्यांच्या स्टुडिओला तो लागेल असं समजणं हास्यास्पद. पण संमतीचं तत्त्व लहान-मोठ्या दोघांनाही सारखंच.

घरगुती वापराला मात्र हा कायदा लागू नाही. बाबांनी स्टेटसला फोटो ठेवला तर कायदा काही म्हणत नाही, धंद्यासाठी स्टुडिओने ठेवला तर म्हणतो. इथे एक पोकळी राहते. मुलाच्या वतीने संमती देणारेही आई-बाबा आणि सगळ्यात जास्त फोटो टाकणारेही तेच. फ्रान्सने फेब्रुवारी 2024 मध्ये कायदा करून मुलाच्या प्रतिमेचं रक्षण ही आई-वडिलांची जबाबदारी ठरवली. दोघांचं पटलं नाही तर न्यायाधीश एकाला फोटो टाकण्यापासून रोखू शकतो. आपल्याकडे आई नको म्हणाली आणि आत्याने तरी टाकला, तर प्रकरण चहाच्या टेबलावरच मिटवावं लागतं.

एआयने काढलेली भावंडं

मार्च 2025 मध्ये घिबली शैलीतल्या चित्रांची लाट आली, सप्टेंबरमध्ये जेमिनीवरच्या रेट्रो साडीची. लहान मुलांचे चेहरेही त्यात गेले. आता स्टुडिओंनाही हे सोयीचं झालंय. मोठा स्थिर बसत नाही आणि धाकटा झोपत नाही, मग दोघांचे वेगवेगळे फोटो घेऊन एआयने एकत्र केले की काम संपलं. पार्श्वभूमी, कपडे, कधीकधी हसूसुद्धा मशीनचं.

दोन फोटो सुरक्षेसाठी जोडणं आणि न घडलेला क्षण बनवून देणं यात फरक आहे, आणि तो पालकांना सांगितला पाहिजे. ताईने बाळाची पापी घेतलीच नसेल, तर वीस वर्षांनी अल्बम उघडून ती काय आठवणार? शिवाय असं काम अनेकदा परक्या कंपनीच्या सर्व्हरवर होतं. लेकरांचे चेहरे तिथे जाणार असतील तर ते बुकिंगच्या वेळीच विचारलेलं बरं.

विचारायला वकील लागत नाही. ॲडव्हान्स देताना पावतीवर पेनाने दोन ओळी लिहून घेतल्या तरी पुरे. फोटो पेजवर टाकायचे की नाही, टाकायचे तर कोणते आणि काढायला सांगितल्यावर किती दिवसांत काढणार. मूळ फाइल्स स्टुडिओ किती काळ ठेवणार, हेही त्यातच. काही पालक मधला मार्ग काढतात. पेजसाठी पाठमोरा फोटो किंवा ताईच्या बोटात अडकलेलं बाळाचं बोट, चेहरे फक्त घरच्या अल्बमात. बऱ्याच फोटोग्राफरना हे चालतं, कारण बोटांचा फोटो तसाही जास्त लाइक्स घेऊन जातो.

घाईत केलेल्या सहीची मुदत लक्षात ठेवण्यासारखी आहे. 2012 च्या दुरुस्तीपासून फोटोचा कॉपीराइट तो काढणाऱ्याच्या हयातीनंतर आणखी 60 वर्षं टिकतो. टोपलीतलं बाळ तोवर आजोबा झालेलं असेल.