स्कोअर दोन, माणूस एकच: सिबिलच्या वादात भांडायचं कशावर?

पनवेलमधल्या एका कुटुंबाची फाइल सध्या आमच्यासमोर आहे. घर ठरलं, टोकन दिलं, बँकेत होमलोनचा अर्ज गेला आणि तिथेच अडकला. मुलाच्या मोबाइलवर, क्रेडिट कार्ड कंपनीच्या अ‍ॅपमध्ये स्कोअर ७६८. बँकेने काढलेल्या रिपोर्टमध्ये ६५२. वडिलांचा साधा प्रश्न होता: माणूस एक, पॅन कार्ड एक, मग नंबर दोन कसे?

नंबर दोनच काय, चारही असू शकतात. आपण सरसकट ‘सिबिल’ म्हणतो, पण देशात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, पण प्रत्येकीचं गणित वेगळं. कार्डवाला एका कंपनीकडून आकडा घेतो, होमलोनवाला दुसरीकडून. दहा-वीस पॉइंटचा फरक म्हणूनच काळजीचा नाही. शंभराहून जास्त फरक असेल तर मात्र एखाद्या रिपोर्टमध्ये काहीतरी नोंद आहे जी दुसऱ्यात नाही, असं समजून शोध घ्यावा.

इथे ती सापडली. तीन वर्षांपूर्वी बंद केलेल्या कार्डावर वार्षिक फी लागली होती, ४९९ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५८९. मुलाने तेव्हाच तक्रार केली, कंपनीने फी माफही केली. पण ही दुरुस्ती एका ब्युरोकडे पोहोचली आणि दुसऱ्याकडे ‘थकबाकी’ तशीच राहिली. आता कार्डवाले म्हणतात, आमच्या सिस्टीममध्ये शून्य आहे, ब्युरोला विचारा. ब्युरो म्हणतो, बँकेने पाठवलं तेच आम्ही दाखवतो.

ब्युरोचं म्हणणं कायद्याला धरून आहे. २००५ च्या कायद्याप्रमाणे, कर्ज देणाऱ्याने दुजोरा दिल्याशिवाय ब्युरोला नोंद बदलता येत नाही. म्हणजे किल्ली कार्ड कंपनीकडेच, आणि ‘आमच्याकडे शून्य आहे’ एवढ्या उत्तरावर तिला सुटता येत नाही. तिने तो शून्य चारही ठिकाणी कळवायला हवा.

रिझर्व्ह बँकेने २६ ऑक्टोबर २०२३ ला काढलेला आदेश २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तक्रार दिल्यापासून ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. बँकेने २१ दिवसांत सुधारलेली माहिती पाठवली नाही तर भरपाई बँक देणार. तिने वेळेत पाठवूनही ब्युरो अडून बसला तर ब्युरो देणार.

मात्र याच आदेशात एक बारीक गोष्ट आहे आणि बहुतेक जण तिथेच फसतात. स्कोअर कसा काढला, या वादाला ही भरपाई लागू नाही. ‘माझा स्कोअर चुकीचा आहे, वाढवून द्या’ असं लिहिलं की तक्रार तिथेच संपली. लिहायचं ते असं: अमुक खात्यावर अमुक महिन्यांत दाखवलेली ५८९ रुपयांची थकबाकी चुकीची आहे, फी माफ केल्याचा ईमेल सोबत जोडला आहे. भांडण नंबरशी नाही, त्या ओळीशी. तक्रार कार्ड कंपनी आणि ब्युरो दोघांकडे एकाच दिवशी द्या आणि तक्रार नंबर जपून ठेवा.

फोनवर कोणी ‘थोडे पैसे भरा, सेटलमेंट करून टाकू’ म्हटलं तर सावध. रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’ शब्द आला की बँका त्याचा अर्थ पूर्ण पैसे दिले नाहीत असाच घेतात. सिबिल सुधारून देतो म्हणणाऱ्या एजंटांच्या हाती तर ओटीपी देऊच नका. त्यांच्याकडे असा कुठलाही रस्ता नाही जो तुमच्याकडे नाही.

आपल्या घरांमध्ये एक जादा अडचण आहे, नावांची. इंग्रजीत ‘शेख’ तीन तऱ्हांनी लिहिला जातो, ‘मोहम्मद’ त्याहून जास्त, कधी नुसता दोन अक्षरांत. निकाहनंतर बहिणींच्या पॅनवर वडिलांचं नाव, आधारवर शोहरचं. ब्युरो नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता आणि मोबाइल जुळवून फाइल बनवतो. एकाच बिल्डिंगमधले दोन चुलतभाऊ, नावं जवळपास सारखी, हप्त्यावर फोन घेताना एकाने दुसऱ्याचा नंबर दिलेला. अशा वेळी एकाचा थकलेला हप्ता दुसऱ्याच्या रिपोर्टमध्ये जाऊन बसू शकतो. म्हणून चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा मिळणारा पूर्ण रिपोर्ट, जो २०१७ पासून फुकट आहे, घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसाने काढून बघावा. आधी नावाचं पान, मग खाती. ऑगस्ट २०२१ मध्ये परवाना रद्द झालेल्या कर्नाळा बँकेच्या प्रकरणात बनावट कर्जखात्यांचे आरोप झाले. नावावर कर्ज दाखवलं जाणं ही पनवेलकरांना ऐकीव गोष्ट नाही.

व्याजामुळे कार्ड आणि लोनपासून लांब राहणारी घरंही आपल्यात बरीच आहेत. कार्ड ठेवावं की नाही हा उलेमांचा विषय, आम्ही त्यात पडत नाही. अशांच्या रिपोर्टवर ‘इतिहास नाही’ किंवा उणे एक दिसतं. तो खराब स्कोअर नव्हे. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये, हे सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत सांगितलं आहे.

हा आकडा आता फक्त कर्जापुरता राहिलेला नाही. २०२५ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरला मुलाचं सिबिल खराब निघालं म्हणून ठरलेलं लग्न मोडल्याची बातमी आपण वाचली. त्याच वर्षी मद्रास हायकोर्टाने खराब क्रेडिट इतिहासावरून स्टेट बँकेने नेमणूक रद्द करणं योग्य ठरवलं. इतकं वजन ज्या नोंदीला आहे, ती चुकवणाऱ्याला रोज १०० रुपये? ३० लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी साडेआठऐवजी नऊ टक्क्यांनी मिळालं तर हप्ता साधारण साडेनऊशे रुपयांनी वाढतो, एकूण दोन लाख तीस हजारांच्या आसपास. जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने चारही ब्युरोंना मिळून दंड केला तो एक कोटीच्या जवळपास. आमच्या मते दोन्ही रकमा तोकड्या आहेत. तरी भरपाई मागायचीच, कारण मागितली नाही तर उशिराची नोंदही होत नाही.

३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही. सप्टेंबर २०२२ पासून ब्युरोही त्याच्या कक्षेत आहेत. चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

या कुटुंबाच्या तक्रारीचा आज सतरावा दिवस. कार्ड कंपनीने दुरुस्ती पाठवल्याचं पत्र दिलं आहे आणि ते बँकेच्या मॅनेजरकडे दिलंय. नवीन रिपोर्ट येईपर्यंत फाइल बंद करू नका, एवढीच विनंती वडिलांनी केली. बिल्डरने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे.