कारंजे आधी की नळ आधी?

नाथषष्ठीची वारी असो, शाळेची सहल असो की नव्या जोडप्याचे देवदर्शन. पैठणला गेलेली मराठवाड्यातली माणसे नाथांच्या समाधीपुढे माथा टेकवतात, जायकवाडीचे धरण पाहतात आणि मग धरणाच्या पायथ्याच्या संत ज्ञानेश्वर उद्यानाकडे वळतात, असा रिवाजच वर्षानुवर्षे पडून गेला. झोपाळे, घसरगुंड्या, फुलांचे ताटवे, संध्याकाळची रंगीत कारंजी. खेड्यातल्या पोराने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेली मोठी बाग बहुधा हीच.

या बागेमागे आपल्याच माणसांचा त्याग आहे, हे विसरून चालणार नाही. लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ साली जायकवाडीची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी धरणाचे उद्घाटन केले. नाथसागराचे पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरले. त्याखाली गोदाकाठची काळी, कसदार जमीन आणि नांदती गावे गेली. ज्यांची शेतेभाते पाण्यात गेली, त्यांच्या नातवंडांना धरणाखाली दोन घटका सुखाने बसता यावे, ही अपेक्षा काही फार मोठी नाही.

उद्यान उभारताना नमुना घेतला तो म्हैसूरच्या वृंदावन बागेचा. कृष्णराजसागर धरणाखालच्या त्या बागेचे काम १९२७ साली सुरू झाले आणि १९३२ साली पुरे झाले. ती बाग साधारण ६० एकरांची. आपली पैठणची तीनशे एकरांवर, म्हणजे पाचपट. परंतु पुढे पैठणच्या उद्यानाला उतरती कळा लागली. कारंजी बंद पडली, खेळणी मोडली, मध्यंतरी काही काळ बागेचे दारही बंद राहिले. जमीन कमी नव्हती, धरण उशाशी असल्याने पाणीही दूर नव्हते. मग कमी काय पडले? निगराणी. शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. मोसंबीची बाग लावणे सोपे, ती पंधरा वर्षे सांभाळणे अवघड.

अशा मोठ्या बागेतून परतलेली माणसे पारावर काय बोलतात, ते जरा कान देऊन ऐकावे. पोरे झोपाळ्याचे सांगतात. म्हातारी माणसे म्हणतात, "चालून चालून पाय गेले, टेकायला सावली नाही." बायाबापड्या मोठ्याने बोलत नाहीत, पण स्वच्छतागृहाला कुलूप असले तर त्यांची सहल तिथेच संपलेली असते. दिवसभर पाणी न पिता हिंडायचे आणि घर गाठायचे. आणि कारंजे? ते लागते दिवस मावळल्यावर. त्या वेळी आपला शेतकरी एसटी पकडायच्या घाईत असतो, कारण घरी म्हशीची धार काढायची असते. ज्या कारंज्यासाठी सर्वांत जास्त खर्च, तेच खेड्यातल्या माणसाला पाहायला मिळत नाही. आठवड्यातून एखाद्या दिवशी दुपारी चारला कारंजे सोडले तर रंग दिसणार नाहीत, पण उडते पाणी पाहून पोरे खूश होतील.

म्हणून आमचे म्हणणे असे, की बाग मोठी असो वा छोटी, क्रम ठरलेला असावा. आधी सावली, पिण्याचे पाणी आणि उघडे, स्वच्छ शौचालय. मग बाके आणि खेळणी. कारंजे सर्वांत शेवटी.

हे फक्त पैठणपुरते नाही. हल्ली गावोगाव ग्रामपंचायती गावठाणात बाग करतात, व्यायामाची लोखंडी साधने बसवतात. उद्घाटनाचा नारळ फुटतो, फोटो निघतो, आणि दोन पावसाळ्यांत बोल्ट गंजतात, गवत कमरेपर्यंत येते. सरपंच आणि ग्रामसेवकांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

हिरवळीचा हट्ट धरू नये. उन्हाळ्यात हिरवळीला रोज पाच मिलिमीटर पाणी धरले, तरी एका गुंठ्याला दिवसाला सुमारे ५०० लिटर लागतात. दहा गुंठे म्हणजे ५,००० लिटर, रोजचा एक टँकर! ज्या गावाला एप्रिलात पाण्याचा टँकर येतो, त्या गावाने ही चैन करू नये. त्याऐवजी कडुलिंब, करंज, चिंच लावावी. उन्हाळ्यात खड्डे घेऊन तापू द्यावेत, पहिला चांगला पाऊस झाला की पुरुषभर उंचीची रोपे लावावीत आणि शेळ्यांपासून राखायला काटेरी कुंपण करावे. पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळी पाणी दिले की पुढे झाड आपले आपण जगते. गुलमोहोर दिसायला देखणा, पण लाकूड ठिसूळ. वादळात फांदी मोडते, त्याखाली झोपाळा नको. पिवळी कण्हेर तर मुलांच्या जागेत लावूच नये, तिचे बी विषारी असते. झोपाळा आणि घसरगुंडीखाली फरशी न घालता फूटभर वाळू टाकावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माणूस. बागेची किल्ली, झाडू आणि पाण्याचा पाइप कोणाच्या हाती, हे आधी ठरवावे. त्याच्या मजुरीची तरतूद दर वर्षीच्या अंदाजपत्रकात असावी. तिकीट असेल तर तो पैसा त्याच बागेवर खर्च व्हावा. दाराशी गावच्या बचत गटाला पेरू, मोसंबी, चहा विकायला जागा दिली तर दोन पैसे त्यांना मिळतील आणि बागेवर आपोआप नजर राहील.

गावचा पार हीच आपली जुनी सार्वजनिक बाग. तिथे कारंजे नव्हते. सावली होती, जवळ आड होता आणि झाडून काढणारे कोणीतरी होते. येत्या ग्रामसभेत बागेचा ठराव येईल तेव्हा ग्रामस्थांनी एकच प्रश्न विचारावा: उद्घाटनानंतर ही बाग कोण सांभाळणार? उत्तरात एका माणसाचे नाव आणि रक्कम मिळाली, तरच हात वर करावा.