बुटातली वीज आणि टिचभर सेल

‘चाला आणि मोबाईल चार्ज करा’ अशी एखादी चित्रफीत व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून येतेच. विज्ञान प्रदर्शनातही टाचेखाली चकती बसवलेला बूट ठरलेला. पाय आपटला की दिवा लुकलुकतो, मुलं खूश! यात खोटं काही नाही. गॅसचा लायटर दाबल्यावर ठिणगी पडते, तेच हे तत्त्व. काही स्फटिकांवर दाब दिला की वीज तयार होते, हे पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्येच दाखवलं. प्रश्न आहे तो किती, याचा.

अमेरिकेत एमआयटीमध्ये १९९८ साली असे बूट तपासले, तेव्हा सरासरी एक-दोन मिलिवॅट वीज मिळाली. मोबाईलच्या बॅटरीत साधारण १५ वॅट-तास मावतात. आता भागाकार करा. कान्हे फाट्यावरून निघून दिवसरात्र न थांबता चाललात, तरी बॅटरी भरायला किमान दहा महिने लागतील! आपल्या आंदर मावळातल्या ठोकरवाडीच्या पाण्यावर १९२२ पासून भिवपुरीला वीज तयार होते. इथल्या मुलांना विजेचं नवल नाही, त्यांना हिशेब शिकवायला हवा.

जास्त वीज हवी तर ओझंही जास्त. कॅनडातल्या संशोधकांनी २००८ मध्ये गुडघ्यांना यंत्रं बांधून चालताना पाच वॅट मिळवले, पण एकेका यंत्राचं वजन दीड किलोच्या वर होतं. रोज कोण बांधणार?

म्हणून माझं मत असं की मोबाईलचा नाद सोडावा आणि जिथे गरजच चिमूटभर आहे तिथे बघावं. एचएमटीचं ‘कांचन’ घड्याळ आठवतं? लग्नात जावयाला द्यायचे. मनगट हललं की स्प्रिंग आपोआप गुंडाळली जायची, चावी द्यायला नको आणि सेलही नको.

आज आपल्या घरात बोटात घालायचे तसबीहचे काउंटर असतात. आत बटणासारखा सेल. तो संपला की बहुतेक वेळा काउंटरच फेकला जातो. खरं तर प्रत्येक मोजणीला बोट बटण दाबतंच आहे! निव्वळ दाबण्याच्या जोरावर रेडिओ संदेश पाठवणारी, दिव्यांची बिनसेलची बटणं जर्मनीत कधीपासून बनतात. मग एवढासा आकडा पुढे सरकवायला तो दाब का पुरू नये? मुलांनी प्रदर्शनात हे करून बघावं, बूट पुष्कळ झाले.

तोवर बंद पडलेला काउंटर तान्ह्या-रांगत्या मुलांच्या हाती खेळायला देऊ नका. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू शकतं. गिळल्याची शंका जरी आली, तरी थेट दवाखाना गाठा.