रात्रीचं पाणी आणि भोंगा

मुलाने बंगल्यात बर्गलर अलार्म बसवला. पहिल्याच रात्री दीडला मी पाणी प्यायला उठलो आणि भोंगा! शेजारी काठ्या घेऊन हजर. चोर कोण, तर मीच!!

दोष यंत्राचा नव्हता. दारं-खिडक्या हा एक झोन, पॅसेजमधला हालचाल टिपणारा सेन्सर दुसरा. पण कीपॅडवर दोन्ही एकदमच चालू केले होते. आता रात्री 'स्टे' दाबलं की दारं-खिडक्या जाग्या, पॅसेज झोपलेला. 'अवे' सगळे बाहेर गेल्यावरच.

माझं मत विचाराल तर, झोन ठरवताना तंत्रज्ञाला घराचा नकाशा दाखवून भागत नाही. रात्री कोण किती वेळा उठतं हेही सांगावं. नाहीतर म्हातारी माणसं भोंग्याच्या धाकाने तहान मारून पडून राहतात. दुरुस्ती होईपर्यंत आठवडाभर मी तेच केलं... मुलाला न सांगता.