हातचे काम : लहान यंत्र, मोठी ताकद



आमच्या शेजारच्या एका तरुणाने गेल्या वर्षी हप्त्यावर बॅटरीचे इम्पॅक्ट ड्रायव्हर मशीन घेतले. फर्निचर बसवणाऱ्या एका ठेकेदाराकडे तो रोजावर जात होता. स्वतःचे मशीन असले की रोज वाढून मिळतो, म्हणून आईने भिशीचे पैसे उचलून पहिला हप्ता भरला. तिसऱ्याच आठवड्यात लोखंडी चौकटीत स्क्रू मारताना बिट तुटली आणि तिचा कण उडून डोळ्यात गेला. चष्मा नव्हता. ठेकेदाराने दिला नव्हता आणि याने मागितला नव्हता. डोळा वाचला; पण अठरा दिवसांचा रोज बुडाला, औषधपाण्याचा खर्च झाला आणि हप्ता काही थांबला नाही. शंभर-दीडशे रुपयांच्या चष्म्यासाठी एवढे सारे झाले. म्हणून या वेळी हेच मशीन विषयाला घेतले आहे.

पहिली गोष्ट, हे मशीन म्हणजे ड्रिल मशीन नव्हे. दिसायला दोन्ही सारखी असतात, म्हणून घोटाळा होतो. ड्रिल मशीन एकसारखे फिरते. भिंतीला भोक पाडणारे हॅमर ड्रिल फिरता फिरता पुढच्या दिशेने ठोके मारते. इम्पॅक्ट ड्रायव्हरचे ठोके मात्र फिरण्याच्या दिशेने पडतात. आत स्प्रिंगवर बसवलेला एक छोटा हातोडा असतो. स्क्रू सहज जात असेल तोवर तो गप्प फिरतो. स्क्रू अडला की मागे सरून आडवे घाव घालू लागतो. मिनिटाला तीन हजारांच्या आसपास घाव पडतात. तो 'टर्रर्र' आवाज त्याचाच. पान्ह्याच्या दांड्यावर हातोडीने ठोकून गंजलेला नट सोडवतात ना, तेच काम हे यंत्र करते. त्यामुळे मनगटाला झटका कमी बसतो आणि लांब स्क्रू लाकडात सहज उतरतो.

यावरूनच कळेल की विटेच्या किंवा सिमेंटच्या भिंतीला भोक पाडणे हे याचे काम नव्हे. घरात बुद्धरूप ठेवायला फळी लावायची असेल किंवा बाबासाहेबांची तसबीर टांगायची असेल, तर भोक हॅमर ड्रिलने पाडावे, गिट्टी बसवावी आणि स्क्रू हाताने किंवा अगदी हलक्या हाताने मशीनने आवळावा.

आता मशीन चालवायचे कसे ते पाहू.

बिट स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारीच घ्यावी. घरगुती कामातील बहुतेक अधिक-खाचेच्या स्क्रूंना दोन नंबरची बिट लागते. लहान बिट लावली की ती घसरते, खाच झिजते, आणि मग तो स्क्रू आतही जात नाही, बाहेरही येत नाही. बिट इम्पॅक्टसाठी बनवलेली असावी. साधी बिट त्या घावांनी तुटते. मागचा भाग षटकोनी, पाव इंची असतो. पुढची कडी ओढून बिट आत घालावी, कडी सोडावी आणि बिट ओढून पाहावी. बाहेर आली तर ती बसलीच नव्हती असे समजावे.

लाकूड टणक असेल किंवा स्क्रू कडेजवळ मारायचा असेल, तर आधी बारीक भोक पाडून घ्यावे, नाहीतर लाकूड चिरते. आठ नंबरच्या स्क्रूला सागवानात सुमारे ३ मिलिमीटरचे भोक पुरते. माप कळत नसेल तर ड्रिलची बिट स्क्रूसमोर धरावी. स्क्रूचा दांडा झाकला जाऊन फक्त आटे दोन्ही बाजूंनी दिसले की माप बरोबर.

मशीन स्क्रूच्या सरळ रेषेत धरावे आणि मागून चांगला दाब द्यावा. घोडा एकदम दाबू नये. सुरुवात हळू करावी, दोन-तीन आटे लाकडात रुजले की वेग वाढवावा, आणि स्क्रूचे डोके टेकायच्या आधीच घोडा सैल करावा. ड्रिल मशीनला आवळण्याची मर्यादा ठरवणारी कडी असते. या मशीनला तशी कडी नसते. काही नव्या मशीनना वेगाची दोन-तीन बटणे असतात, पण थांबायचे कधी हे बोटालाच शिकवावे लागते. चांगला कारागीर आणि नवशिका यांतला फरक इथेच दिसतो. टाकाऊ फळीवर पन्नास स्क्रू मारून पाहावेत, मग गिऱ्हाइकाच्या फर्निचरला हात लावावा.

विजेच्या बोर्डाची झाकणे, पितळी स्क्रू, काच, अ‍ॅक्रिलिक यांना हे मशीन लावू नये. बिजागरीचे छोटे स्क्रू शेवटी हातानेच आवळावेत. रिक्षाच्या किंवा मोटारीच्या चाकाचे नट याने अंदाजाने आवळून गाडी रस्त्यावर आणू नये. तिथे मापाचा पान्हाच हवा.

आपल्या वस्त्यांत या मशीनचा मोठा उपयोग पत्र्याच्या छपराला होतो. लोखंडी अँगलवर पत्रा बसवायला स्वतःच भोक पाडणारे, षटकोनी डोक्याचे स्क्रू मिळतात. त्यांतल्या बऱ्याच स्क्रूंना ८ मिलिमीटरचा सॉकेट लागतो. त्याखाली रबराचा वॉशर असतो. तो नुसता दबून पत्र्याला बसला पाहिजे. जोर करून आवळला की रबर बाजूने बाहेर येते, पुढे फाटते आणि पहिल्याच पावसात घरात भांडी मांडावी लागतात. सैल राहिला तरी पाणी येतेच. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते. त्यांना मशीनने भोक पाडू नये, ते कापूही नयेत. ती धूळ फुप्फुसात जाऊन वर्षानुवर्षांनी कर्करोगापर्यंत नेते. त्या पत्र्यावर पाय देऊन उभेही राहू नये. तो फुटून माणसे खाली पडतात.

जिवाची काळजी घेण्यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात.

डोळ्यांवर बाजूने बंद असलेला चष्मा हवाच. नंबरचा चष्मा म्हणजे संरक्षण नव्हे. डोळ्यात लोखंडाचा कण गेलाच तर चोळू नये, रुमालाच्या टोकाने काढू नये. डोळ्यावर दाब न देता कागदी कप झाकावा आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे.

कानात बोळे किंवा इअरप्लग घालावेत. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज कान बिघडवणारा असतो. यात कापसाचे बोळे फारसे कामाचे नाहीत. फोमचे प्लग स्वस्त मिळतात.

सैल बाही, ओढणी, पदर, गळ्यातील दोरा फिरत्या बिटजवळ येऊ देऊ नये. केस बांधावेत. लहान तुकडा एका हातात धरून दुसऱ्या हाताने स्क्रू मारू नये. बिट घसरली की तळहातात घुसते. तुकडा शिकंज्यात धरावा. बिट बदलताना बॅटरी काढावी, निदान उलट-सुलट फिरण्याचे बटण मधोमध ठेवावे म्हणजे घोडा दाबला जात नाही. भिंतीत स्क्रू मारण्यापूर्वी वायर कुठून गेली आहे ते पाहावे आणि मेन स्विच बंद करावा. शिडीवर चढून लांब हात करण्यापेक्षा खाली उतरून शिडी सरकवावी.

बॅटरी लिथियमची असते. तिला तिचाच चार्जर लावावा. उन्हात, पत्र्याखाली तापलेल्या माळ्यावर किंवा गादीवर ती चार्ज करू नये. सुट्ट्या स्क्रूंच्या पिशवीत टाकू नये; दोन टोके धातूने जोडली गेली की आग लागते. फुगलेली, पडून फुटलेली बॅटरी वापरू नये, उघडू नये आणि घंटागाडीत टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून विकत घेतानाच दुकानदाराला ते विचारावे आणि पक्के बिल घ्यावे.

हे मशीन बॅटरीसह साधारण दीड किलोच्या आसपास भरते. त्यात पुरुषांचेच असे काही नाही. आपल्या मुलींच्या आणि सुनांच्या हातीही ते द्यावे. घरातली सैल झालेली बिजागरी सुतार येण्याची वाट पाहत महिनाभर लोंबकळत ठेवण्याचे कारण नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामाचे तास, कामगाराचे आरोग्य आणि त्याची सुरक्षितता हे प्रश्न त्यांनी हक्काचे म्हणून मांडले, दयेचे म्हणून नाही. तेव्हा ठेकेदाराकडे चष्मा मागताना मान खाली घालू नका. बांधकामावर वर्षाकाठी ९० दिवस काम करणाऱ्या १८ ते ६० वयाच्या कामगारांनी इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीही करून घ्यावी. आणि ठेकेदाराने चष्मा दिलाच नाही, तर उद्यावर न ढकलता स्वतः विकत घ्यावा. डोळा आपला आहे. भगवान बुद्धांनी अप्रमाद शिकवला, तो विहारापुरता नाही. हातात यंत्र घेतल्यावर क्षणभरही बेसावध न राहणे, हाही अप्रमादच.

तो शेजारचा तरुण आता पुन्हा कामावर जातो. मशीन तेच आहे. मात्र पिशवीत सर्वांत वर चष्मा असतो, आणि निघताना आई तो आहे की नाही हे स्वतः पाहते.

जयभीम!