अब्रूची वसुली

ऋण काढून सण करू नये, ही शिकवण आपल्या घराघरांत आहे. परंतु ज्या घरी दुखण्यापायी, बुडालेल्या धंद्यापायी वा मुलीच्या लग्नापायी ऋण होऊन बसले, त्या घराशी समाजाने कसे वागावे, हे आपल्याला कोणी शिकविले नाही. म्हणून आपण सर्वांत सोपे तेच करतो, कुजबुजतो. जुलमी वसुलीदाराचा सारा धंदा या कुजबुजीवरच चालतो, हे आता स्पष्ट सांगितले पाहिजे.

कायद्याचा मार्ग धनकोला मोकळा आहे. पण तो लांबचा. जवळचा मार्ग अब्रूचा. दारात उभा राहून वसुलीदार मोठ्याने नाव घेतो, ते शेजाऱ्यांना ऐकू जावे म्हणून. मोबाइलवरून कर्ज देणारे काही जण तर नातलगांचे क्रमांक मिळवून त्यांनाच दूरध्वनी करतात. गटकर्जातील एका बाईचा हप्ता चुकला, की गटातल्या बायकाच तिच्या उंबऱ्याशी आणून बसविल्या जातात.

ही युक्ती नवी नव्हे. पूर्वी ऋणकोच्या दारी धरणे धरून त्याला दैवी कोपाची भीती घालीत. 1860 च्या दंडसंहितेने कलम 508 मध्ये तो अपराध ठरविला. आज देवाच्या कोपाची जागा लोकापवादाने घेतली आहे, आणि ते लोक म्हणजे आपणच.

कोणी म्हणेल, घेतलेले न फेडणे हे पाप. मान्य! मुद्दल बुडविण्याची वकिली येथे कोणी करीत नाही. परंतु धर्मशास्त्राने धनकोलाही मर्यादा घातली आहे, हे आपण सोयीने विसरतो. व्याजाची थकबाकी मुद्दलाहून अधिक वसूल करू नये, हा दामदुपटीचा नियम आपल्याच स्मृतींतला. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही तो मानला होता. तुकोबांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली, ही कथा कीर्तनात ऐकून आपण माना डोलावतो, आणि घरी परतताना शेजाऱ्याच्या थकलेल्या हप्त्यांची चर्चा करतो! बापाचे ऋण हे मुलाचे पवित्र कर्तव्य म्हणून त्याच्या गळ्यात अडकविणाऱ्यांनीही जाणावे, की 2005 च्या हिंदू वारसा दुरुस्तीनंतर काढलेल्या कर्जासाठी केवळ त्या कर्तव्याच्या आधारे न्यायालय मुलाला धरीत नाही. वारशाने आलेल्या मिळकतीची गोष्ट वेगळी.

कायदा स्वस्थ बसलेला नाही. प्रामाणिकपणे असमर्थ असलेल्या ऋणकोला तुरुंगात टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1980 साली सांगितले. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये आपल्या नियंत्रणाखालील संस्थांना सकाळी 8 पूर्वी व सायंकाळी 7 नंतर वसुलीचे दूरध्वनी करण्यास, तसेच चारचौघांत अपमान करण्यास मनाई केली. कर्नाटकाने 2025 साली लहान कर्जांच्या जुलमी वसुलीसाठी 10 वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. बेळगावच्या बांधवांनी ती ध्यानात ठेवावी. पण तक्रार करणाऱ्याला आधी घराबाहेर पडावे लागते. आणि तो पडत नाही, कारण बाहेर आपण उभे असतो.

देवस्थानांच्या समित्यांना व महाजनांना म्हणूनच विचारावेसे वाटते : देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरणारा समाज अडलेल्याच्या दारी का जात नाही? कोणाचे कर्ज अंगावर घ्यावे, असे आमचे म्हणणे नाही. वसुलीदार येईल तेव्हा दोन जाणत्या गृहस्थांनी त्या घरी जाऊन बसावे. त्याचे अधिकारपत्र पाहावे, येणे रकमेचा लेखी हिशेब मागावा, हप्ते लांबविण्याची बोलणी लेखी करावीत, धमकी दिल्यास तक्रार लिहून द्यावी. आणि त्या घराकडून उत्सवाची वर्गणी राहिली, तर ती चारचौघांत मागू नये.

आजवर ज्याने आपल्याबरोबर पालखीला खांदा दिला, तो आज दार लावून आत बसला आहे. त्याचे दार आपण ठोठवावे, वसुलीदाराच्या आधी.